पावणेदहाची बाई

मी येतो तेव्हा यंत्र अजून कोमट असतं.
माझ्याआधी कुणीतरी त्यात अर्धा तास चाललेलं असतं.
नाव मला ठाऊक नाही, विचारायचंही नसतं.
पण उजव्या मांडीचा पट्टा दुसऱ्या भोकावर
आणि डावा चौथ्या,
एवढ्यावरून मी ताडलं: डावा पाय वाळलेला,
हाडं बारीक, बहुधा बाई,
लव्हेंडरचं मलम लावणारी.

एकतीस वर्षं मी बोखुममधली छपरं शाकारली.
दगडी पाट्या, खालचीचे खिळे वरचीने झाकत.
दुसऱ्या कारागिराचा हात मी खिळ्यांवरून ओळखायचो.
पट्टे वाचणं त्यामानाने सोपं.

पडलो कसा तेही सांगून टाकतो, सगळे विचारतातच:
नोव्हेंबर, कोरडा दिवस, दुमजली घर.
पाय घसरला नाही. शिडी घसरली.
लोक ऐकून घेतात
आणि पुढच्याला सांगतात, पाय घसरला.

आयसुन बकलं लावते. खट्. खट्.
कातडीवर गार जेल, त्यावर तारांची बटणं.
"डेटलेफ, पाय उचलू नकोस.
उचलायचा विचार कर."
विचार कर जरा, असं बायकोही म्हणायची,
तेव्हा विषय वेगळा असायचा.

करतो विचार.
पडद्यावरची हिरवी रेघ आडवी पडलेली.
पुन्हा करतो. घाम कपाळावर येतो,
कमरेखाली कुणाला पत्ताच नाही.
मग तळघरातून कुणी हाक मारल्यासारखी
रेघेला एक बारीक शिरशिरी,
आणि तेवढ्याचीच वाट बघत बसलेली मोटार
गुणगुणते.
गुडघा पुढे जातो.
माझा म्हणावा तर खोटं. तिचा म्हणावा
तर घाम मला का?

शेजाऱ्याला मी सांगतो, मंगळवारी सव्वादहाला
जरा पाय मोकळे करून येतो.
तो हसावं की नाही या विचारात पडतो.

उभं राहिलं की खिडकीतून
धोबीखान्याचं छप्पर दिसतं.
खुर्चीतून नुसतं आभाळ, आणि ते आता पाठ झालंय.
छपरावर तिसऱ्या ओळीत एक पाटी सुटलीय.
असंच राहिलं तर आत पाणी.

फेब्रुवारीत तिचा डावा पट्टा तिसऱ्या भोकावर आला.
मी कुणाला बोललो नाही.
मांडी भरतेय! एक भोक म्हणजे किती, बोटभर.
ईस्टरनंतर दुसऱ्यावर. दोन्ही पाय सारखे.
त्या संध्याकाळी एक बिअर उघडली,
ग्लास उचलला आणि थांबलो.
काय नाव घ्यायचं?
पावणेदहाची बाई, म्हटलं, आणि प्यालो.

मग एका मंगळवारी दोन्ही पट्टे पहिल्या भोकावर,
तेही ताणलेले.
तंबाखूचा वास. कुणी धिप्पाड माणूस.
"आणि ती?"
आयसुनने खट् केलं. "सांगता येत नाही, माहितीये तुला."
स्वतःच्या पायांनी गेली असेल.
किंवा विम्याने हात वर केले असतील.
किंवा
मी पट्ट्यावर पुन्हा नाक नेलं. तंबाखूच.
त्या दिवशी रेघ हललीच नाही,
मोटारीने मला सामानासारखं फिरवून आणलं.

आज दोनशे सहा पावलं.
शेवटच्या बाराला मोटार निम्म्या जोरावर होती,
हे आयसुनने नंतर सांगितलं.
आधी सांगितलं असतं तर मी नक्की पडलो असतो.

माझ्यानंतरचा पोरगा दारात थांबलेला असतो,
सतरा-अठराचा, खुर्चीच्या चाकांवर फुटबॉलचे स्टिकर.
माझ्याकडे ढुंकून बघत नाही.
पट्ट्याकडे बघतो.

जाताना धोबीखान्याच्या दारावर चिठ्ठी अडकवली:
तिसरी ओळ, डावीकडून सातवी पाटी, खिळा गेलाय.
खाली नाव. त्याखाली:
उभं राहून पाहिलंय.